त्याले सांग

ज्या दिवशी माझ्या दिरानं माझ्या नवऱ्याचे दात पाडले त्या दिवशी पोळा होता आणि माझे दोन्ही हात पुरणात होते. गावच्या बैलांना सुट्टी होती, आमच्या लेथीला नव्हती. शेडमधून आधी लोखंड किंचाळल्याचा आवाज आला, मग पट्टा घसरल्याचा फटका, आणि मग माणसांचा आरडाओरडा. मी तशीच धावले. पाहते तर महादेवरावांच्या हातात जुन्या पट्ट्याचा तुकडा आणि रूपरावच्या उघड्या पाठीवर त्याचे वळ. रूपरावच्या हातात पाना होता. मी मध्ये शिरेपर्यंत तो फिरलाही. महादेवराव लेथीच्या पायाशी बसले आणि समोरचे दात रक्तासकट थुंकले.

महादेवराव म्हणजे माझा नवरा. नाव घेतेय, कारण या वयात मला अडवणारं कोणी उरलेलं नाही. रूपराव त्यांचा धाकटा भाऊ. मी लग्न होऊन हिंगणघाटात आले तेव्हा तो नाक पुसता न येणारं पोर होता. सासूबाई आधीच गेल्या होत्या. त्याला मी न्हाऊमाखू घातलं, शाळेत ओढत नेलं, शाळेतून पळून आला की बडवलं. माझ्या पोटी काही उगवलं नाही, त्यामुळे माझं म्हणून जे होतं ते त्या घरात हेच दोघे. आणि हे दोघे पोळ्याच्या दिवशी एकमेकांचा जीव घ्यायला उठले होते.

भांडण लेथीवरून, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावरून. सासऱ्यांनी ती एका बंद पडलेल्या कारखान्यातून जुनीच आणली होती. वेणा नदीच्या अलीकडे, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या आवारांना लागून आमची टिनाची शेड होती. कोपऱ्यात तेलावर चालणारं इंजिन, वर आढ्याला आडवा फिरणारा लांब शाफ्ट, आणि त्या शाफ्टवरून खाली लेथीवर उतरलेला चामड्याचा रुंद पट्टा. जिनांचे दांडे, रूळ, कप्प्या, जे काही झिजेल ते आमच्याकडे यायचं. सासरे गेल्यावर दोघा भावांनी धंदा चालवला आणि चांगला चालवला. पण स्वभाव म्हणाल तर एक उत्तर आणि एक दक्षिण.

महादेवराव सकाळी चहाच्या आधी लेथीला तेल घालायचे. आदल्या दिवसाचा लोखंडाचा कीस ब्रशनं काढायचे, हातानं कधीच नाही, कारण तो कीस ब्लेडसारखा चिरतो. मग घासलेटच्या बोळ्यानं लेथीचं अंग पुसायचे, तेलाच्या एकेक भोकात कुप्पीनं तेल सोडायचे, काम धरून फिरवणारा चक हातानं फिरवून कान लावायचे. पट्ट्याचा जोड बोटानं नाही तर लाकडी काडीनं तपासायचे. वेग बदलायचा असला की आधी इंजिन बंद, मग पट्टा कप्पीच्या एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर. त्यांचा हा सोपस्कार पाहून लोक हसायचे. मला माहीत होतं तो कुठून आला ते. तरुणपणी एका जिनात शाफ्टनं एका बाईचा पदर ओढला होता आणि बाईला सोडवायला यांना बोलावलं होतं. सोडवण्यासारखं फार काही उरलं नव्हतं. त्या दिवशी हे घरी आले ते अंगणातच बसून राहिले आणि जेवले नाहीत.

रूपरावला असलं काही ठाऊक नव्हतं आणि ठाऊक करून घ्यायचंही नव्हतं. हात मात्र सोन्याचा. पट्टा चालू असतानाच तळहातानं ढकलून तो वेग बदलायचा, आणि बघणारे वाहवा करायचे. असल्या वाहवेनं माणसं मेली आहेत, पण सांगायचं कोणाला?

पोळ्याच्या दिवशी झालं असं. लेथीचा मुख्य दांडा पितळी बेरिंगात फिरतो. त्याचं झाकण सैल असलं तर काम थरथरतं, आणि फार कसलं तर पितळ तापून दांड्याला चिकटतं. महादेवराव झाकणाखालच्या कागदाच्या पट्ट्या एकेक कमी करत कसायचे आणि दर वेळी चक हातानं ढकलून बघायचे. चक मोकळा फिरला आणि दमानं थांबला तरच पुढे. रूपरावचं काम थरथरत होतं. त्यानं सगळे कागद एकदम काढले, पाना लावला आणि पिळला. जरा वेळ काम आरशासारखं निघालं. मग बेरिंग धुरावलं, दांडा जाम झाला आणि चकातला जिनाचा शाफ्ट वाकडा होऊन उडाला. महादेवरावांच्या कानाजवळून तो भिंतीवर गेला. तिथं पडलेला खड्डा पुढे कोणी बुजवला नाही.

एवढ्यावर एखादी थोबाडीत बसून मिटलं असतं. पण रूपराव म्हणाला, "कसल्यानं काई होत नाई. बेरिंगात तेलच नोतं. सकाळी तेल कोनं घातलं?"

बाप गेल्यापासून एक सकाळ न चुकवता तेल घालणाऱ्या माणसाला हे बोलणं म्हणजे आईवरून शिवी. महादेवरावांनी खुंटीवरचा पट्ट्याचा तुकडा काढला. पुढचं मी सांगितलंच.

त्या दिवसापासून अबोला.

आमच्याकडच्या अबोल्याची रीत ज्यांना माहीत नाही त्यांना वाटेल, नाही बोलत तर नाही बोलत. तसं नसतं. शेत एक, विहीर एक, तसं आमची लेथ एक आणि इंजिन एक. न बोलून भागत नाही. मग मध्ये माणूस लागतं. दोघं समोरासमोर उभे असले तरी बोलायचं मधल्या माणसाशी. आमच्या घरी मधलं माणूस मी.

"वैनी, त्याले सांग, मागच्या टोकाले ग्रीस नाई."

"मनकर्णे, त्याले सांग, ग्रीस डब्ब्यात हाय अन् डब्बा त्याच्या नाकासमोर हाय."

"वैनी, त्याले सांग, नाकाचं नाव काडू नोको. मंग मीबी दाताचं नाव काडीन."

मी हे सगळं जसंच्या तसं एका कानातून दुसऱ्या कानात ओतायचे, मध्ये हातभर अंतर असताना. निरोपाची सुरुवातसुद्धा ठरलेली. "रूपराव, हे म्हनतात." तिकडून उत्तर आलं की यांच्याकडे वळून, "रूपराव म्हनते." न वळता चालत नसे. तो माझ्याकडे तोंड करून ऐकणार, हे माझ्याकडे तोंड करून ऐकणार, आणि एकमेकांकडे कोणी बघणार नाही. सकाळी हे लेथीवर, दुपारनंतर तो. मोठं काम असलं की दोघे शेडमध्ये, आणि मी चूल सोडून तिथं.

मी काय चोवीस तास थोडीच रिकामी असणार. मी नसले की ते भिंतीला सांगायचे. शेडची मागची भिंत विटांची होती, तिच्याकडे तोंड करून महादेवराव म्हणायचे, "आज इंजिनात तेल कमी हाय." रूपराव ऐकायचा, पण ऐकलं असं दाखवायचं नाही. यातही नियम होता. माझ्या तोंडून गेलेला निरोप दोघंही पाळत, कारण तो न पाळणं म्हणजे माझा अपमान, आणि माझ्या अपमानाची छाती कोणाची नव्हती. भिंतीचा निरोप पाळायचा की नाही हे ज्याचं त्यानं ठरवायचं. पाळला तर तो नमला असं धरलं जाई. सगळ्या गावाला हे ठाऊक होतं. पानठेल्यावर लोक म्हणायचे, भिंतीले कान असते म्हनतात, महादेवच्या भिंतीले तर तोंडबी हाय. आणि हसायचे. हसणाऱ्यांचं काय जातं?

मला हसू येत नव्हतं. मला भीती वाटायची. दात पाडणारा पाना आता घरात रोज हाताशी होता आणि राग विझत नव्हता. एका सकाळी कुप्पी रिकामी दिसली म्हणून महादेवरावांनी ती इतक्या जोरात फेकली की कवाडाची फळी फुटली. रूपराव तेव्हा कवाडातच होता. दुसऱ्या एका दिवशी रूपरावनं धारेला लावलेलं हत्यार मुद्दाम दगडावर आपटून बोथट केलं, कारण त्याला धार यांनी लावली होती. मला एवढंच हवं होतं की एकानं दुसऱ्याला मारून टाकायच्या आत दोघांनी तोंड उघडून बोलावं. शिवी देऊन बोलले असते तरी मी देवाला नारळ फोडला असता.

मी केलं नाही असं नाही. स्वयंपाक बंद केला, तर दोघं मुकाट्यानं मुरमुरे खाऊन राहिले. हात जोडले, पाया पडले. एके दिवशी माझं डोकं फिरलं आणि चुलीतलं जळतं लाकूड ओढून मी दोघांना अंगणात झोडपलं. हो, झोडपलं. पाठीवर, पायांवर, जिथं लागेल तिथं. दोघं धष्टपुष्ट पुरुष, पण एकानंही माझा हात धरला नाही. मार खाता खाता महादेवराव म्हणाले, "मनकर्णे, त्याले सांग, त्याच्या धोतराले ठिनगी लागली."

धोतर पेटत होतं आणि हा माणूस मला सांगत होता, त्याले सांग. रूपरावही माझ्याकडे तोंड करून वाट पाहत उभा होता, मी काय सांगते म्हणून. मी लाकूड टाकलं, त्याचं धोतर हातानं चोळून विझवलं आणि तिथंच मटकन बसून हसले. वेड्यासारखी हसले. तेव्हा हसायला नको होतं, ते दोघं तेव्हाच मला नीट दिसले पाहिजे होते. पण ज्याला त्याला अक्कल उशिराच येते.

त्या वर्षी कापूस अमाप आला. नागपूर तेव्हा अजून राजधानी होतं आणि आमच्याकडे सरकी-रुईच्या भावाखेरीज दुसरं बोलणं नव्हतं. कापसाच्या बंड्या नदीच्या पुलापासून रांगेत उभ्या, बैल सोडलेले, शेतकरी बंड्यांखाली झोपलेले. अशा ऐन हंगामात आमच्या शेजारच्या जिनाचा मुख्य शाफ्ट तुटला. जिनाचे मॅनेजर प्रभाकरराव स्वतः आले. नवा दांडा सोबत, आणि कापायचा तो आजच्या आज.

सकाळची पाळी महादेवरावांची. त्यांनी दांडा लेथीवर चढवला, जाड काप घेऊन अर्ध्याच्या वर काम उरकलं. मग पट्ट्याचा आवाज त्यांना वेगळा लागला. जोड कप्पीवरून जाताना टक् करायचा. त्यांनी इंजिन बंद करून पाहिलं. पट्ट्याची दोन टोकं तारेच्या आकड्यांनी जोडलेली होती, आणि त्यातला एक आकडा उघडून बाहेरच्या बाजूला उभा राहिला होता, मासे धरायच्या गळासारखा. पट्टा फिरत असताना तो दिसायचा नाही. हात लावला तर हातच धरणार. आकडे काढून तिथं चामड्याची वादी ओवायला हवी होती, आणि वादी घरात नव्हती. ती आणायला बाजारातल्या चांभाराकडे जावं लागणार होतं.

मी त्या वेळी वेणेवर धुणं धूत होते. हे सगळं मला नंतर प्रभाकररावांनी सांगितलं, ते तिथं बाजेवर बसून होते.

रूपराव दारात हात धूत होता, त्याची पाळी यायचीच होती. महादेवरावांनी टॉवेल खांद्यावर टाकला, मागच्या भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाले, "पट्ट्याच्या जोडाचा आकडा उभा हाय. वादी आनाले चाल्लो. मी येतपर्यंत इंजिन लावाचं नाई."

भिंतीला सांगून ते गेले.

प्रभाकरराव म्हणाले, "मले वाटलं रूपरावनं आयकलं. मीबी आयकलं." मग त्यांना बाहेरच्या बंड्यांची घाई होती, म्हणून तेच म्हणाले, "रूपराव, कितीक वेळ लागीन?" रूपराव म्हणाला, "आता लावतो." त्यानं इंजिन लावलं. पट्ट्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर भिंतीचं ऐकल्यासारखं झालं असतं. मूर्ख माणूस. मी त्याला वाढवलं, मी त्याला मूर्ख म्हणू शकते.

आणि आकडा असूनही काम छान चाललं. पट्टा जागच्या जागी फिरत होता, हात लावायची गरज नव्हती. रूपराव बसल्या बसल्या शीळ घालत होता म्हणे. शेवटचा बारीक काप घ्यायची वेळ आली, त्याला वेग बदलायचा होता.

मी ओल्या कपड्यांचं बोचकं डोक्यावर घेऊन शेडच्या दारात आले आणि त्याच वेळी बाजूच्या वाटेनं महादेवराव आले, हातात वादीची गुंडाळी. दोघंही दारात एकदमच पोचलो. आत इंजिनाचा धडधडाट. समोर रूपराव लेथीवर वाकलेला, डावा हात वर, तळहात पट्ट्यावर ठेवायच्या बेतात.

महादेवरावांनी ते पाहिलं. त्यांना सगळं कळलं, चेहऱ्यावरून रक्त उतरताना मी पाहिलं. त्यांनी तोंड उघडलं. त्या तोंडातून 'रूप्या' निघायला हवं होतं. 'सोड' निघायला हवं होतं. एवढ्या दिवसांची सवय झालेलं तोंड ते. ते पूर्ण ताकदीनं ओरडले,

"मनकर्णे, त्याले सांग, हात..."

रूपरावनं ऐकलं. इंजिनाच्या आवाजातसुद्धा त्याला ते शब्द बरोबर ऐकू आले, कारण ते त्याच्याही सवयीचे होते. आणि सवयीनंच त्यानं मान वळवली, माझ्याकडे. हात पट्ट्यावर तसाच. मी काय सांगते ते ऐकायला.

मी बोचकं फेकून 'सोड' म्हणून किंचाळले. त्या 'त्याले सांग'नं जेवढा वेळ खाल्ला होता, तेवढाच आकड्याला पुरला. आकडा तळहातात शिरला आणि पट्टा हात घेऊन वर गेला. रूपराव जमिनीवरून उचलला गेला. त्याचं डोकं आढ्याच्या बल्लीवर आपटलं, हात कप्पी आणि पट्ट्याच्या मध्ये गेला, आणि कोपराखाली काहीतरी मोडल्याचा आवाज इंजिनाच्या वर ऐकू आला. मग पट्टा फाटला. रूपराव खाली पडला तो थेट लेथीवर, फिरणाऱ्या दांड्यावर छाती टेकून, आणि तिथून घसरून जमिनीवर. हात वर राहिला.

मी ते विसरावं म्हणून लोकांनी फार सांगितलं. मी विसरत नाही आणि विसरायचंही नाही. तो हात मी धुतला होता, त्याची नखं मी कापली होती.

महादेवरावांनी इंजिन बंद केलं नाही. त्यांनी कोपऱ्यातली पहार उचलली आणि इंजिनाच्या फिरत्या चाकात खुपसली. पहार त्यांच्या हातातून सुटून टिनाच्या छतातून पार गेली, चाकाचे आरे तडकले, इंजिन घरघरून थांबलं. प्रभाकरराव बाजेवर चढून उभे होते. महादेवराव धावत भावाजवळ आले. चांभाराकडून आणलेली वादी, पट्टा जोडायला आणलेली, तीच त्यांनी त्याच्या दंडाला गुंडाळली आणि गुडघा देऊन आवळली. आवळता आवळता म्हणाले, "रूप्या. अबे रूप्या. इकडं पाह्य."

पोळ्यानंतरचा तो पहिला शब्द. मी ऐकला. नारळ फोडायचा मी बोलले होते.

गावातल्या डॉक्टरांनी जखम बांधली आणि छाती चाचपून मान हलवली. म्हणाले, वर्ध्याला न्या, मोठ्या दवाखान्यात, आणि वाटेत थांबू नका. जिनाचा रुईच्या गाठींचा ट्रक निघणार होता, प्रभाकररावांनी तो दिला. गाठींवर सतरंजी घालून रूपरावला निजवलं. डोकं महादेवरावांच्या मांडीवर, पाय माझ्या मांडीवर. रस्ता असा की प्रत्येक खड्ड्याला तो कण्हायचा. काही वेळानं कण्हणंही कमी झालं.

हिंगणघाट मागे पडल्यावर त्यानं डोळे उघडले. तोंडातून फेसाळ रक्त येत होतं. डोक्याशी भाऊ होता, पण त्यानं नजर खाली, माझ्यापर्यंत आणली.

"वैनी," तो म्हणाला. "त्याले सांगजो. तेल होतं."

मला आधी कळलं नाही. मग कळलं. पोळ्याच्या सकाळचं तेल. बेरिंगात तेल होतं, आणि हे त्याला त्या दिवशीही ठाऊक होतं.

महादेवराव वाकले. त्यांचे अश्रू भावाच्या कपाळावर पडत होते आणि ते हातानं पुसत होते. "मले सांग ना बे," ते म्हणाले. "मी इथीच हाओ. मले सांग."

"त्याले सांगजो," रूपराव मलाच म्हणाला, आणि डोळे मिटले.

मग महादेवराव बोलू लागले. एवढ्या दिवसांचं साचलेलं एकदम फुटलं. म्हणाले, तेलाचं जाऊ दे, तेलाचं काय घेऊन बसला. मी तुले पट्ट्यानं माराले नोतं पायजे. लहानपनी तुले खांद्यावर बसवून मी पुलावरून पूर दाखवाले नेलतं, आठवते काय. दात काय, दात पडतच असते कधी ना कधी. आपन लेथ विकून टाकू. नाईतर दुसरी घेऊ, तुही येगळी, माही येगळी. तू तुह्या लेथीवर पायजे तसा पट्टा टाक, मी बोलनार नाई. नाई, बोलीन. रोज बोलीन. कान किटतपर्यंत बोलीन. ट्रक उडत होता, वाऱ्यावर रुईचे तंतू उडत होते आणि हा माणूस बोलत होता. मी ऐकत होते आणि हातानं रूपरावचे तळपाय चोळत होते. पायांतली ऊब चाललेली मला कळत होती. मी चोळणं थांबवलं नाही, कारण थांबले असते तर यांना कळलं असतं.

बराच वेळ बोलून ते थांबले. भावाच्या गालावर चापट्या मारल्या, हलक्या, मग जोरात. मग माझ्याकडे पाहिलं. असा चेहरा मी त्यांचा त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही.

"मनकर्णे," ते म्हणाले, "हा माह्याशी बोलून नाई राह्यला. त्याले सांग, मी बोलून राह्यलो म्हना त्याच्यासंग."

मला ओरडावंसं वाटलं. त्यांना ट्रकमधून ढकलून द्यावंसं वाटलं, आणि छातीशी धरावंसंही वाटलं. मी गाठींवरून सरकत पुढे गेले. रूपरावच्या कानाशी तोंड नेलं. त्याच्या कानात लोखंडाचा कीस अडकला होता, तो आधी बोटानं काढला.

"रूपराव," मी म्हणाले, "हे म्हनतात, मी बोलून राह्यलो तुह्यासंग."

मग रीतीप्रमाणे मी यांच्याकडे वळले.

"काय म्हने?" महादेवरावांनी विचारलं.

त्या घरात मी दोघांचा एकही निरोप कधी बदलला नव्हता.

"काईच नाई म्हनला," मी सांगितलं.